रेकॉर्डरचा अडॅप्टर हरवला तर: दुसरा निवडताना काय काय जुळायला हवं

झूम कंपनीच्या एच४ आणि एच४एन या आवाज टिपणाऱ्या दोन रेकॉर्डरच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. दोन्हींत दोन-दोन पेन्सिल सेल बसतात. पण एच४ला लागतो एडी-०००६ हा अडॅप्टर: ९ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर, मधली पिन मायनस. एच४एनला लागतो एडी-१४: ५ व्होल्ट, १ अँपिअर, मधली पिन प्लस. म्हणजे व्होल्टेज जवळपास दुप्पट आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू, नेमकी उलटी. एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच नावाच्या यंत्रांची ही गत असेल, तर खोक्यात सापडलेला एखादा काळा अडॅप्टर 'पिन बसतेय' एवढ्यावर लावून पाहणं किती महागात पडेल, ते सांगायला नको. पिन बसणं ही सगळ्यात शेवटी तपासायची गोष्ट. बहुतेक जण मात्र सुरुवात तिथूनच करतात.

जुळवायच्या गोष्टी पाच: अडॅप्टरमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) निघतो की एसी (सतत दिशा बदलणारी), व्होल्टेज, पोलॅरिटी, करंट आणि पिनचं माप. पहिल्या तीन चुकल्या तर रेकॉर्डर जळू शकतो. चौथी चुकली तर तो नीट चालत नाही, पाचवी चुकली तर अडॅप्टर लागतच नाही किंवा सैल बसतो.

आकडे कुठे सापडतात

सगळ्यात आधी रेकॉर्डरवरचं सॉकेट पाहा. त्याच्या शेजारी 'डीसी इन ५ व्होल्ट' असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं किंवा प्लास्टिकमध्ये उठवलेलं असतं. ते काळ्यावर काळं असतं, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचा. तिथे नसेल तर यंत्राची पाठ, आणि सेलचं झाकण काढल्यावर दिसणारी आतली बाजू बघा. काही लेबलं सेलच्या खाली दडलेली असतात, म्हणून सेल काढूनच बघावं.

तिथेही नाही मिळालं तर माहितीपुस्तिका. बहुतेक रेकॉर्डर कंपन्या जुन्या मॉडेलच्या पुस्तिकाही आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. पुस्तिकेचं शेवटचं, तांत्रिक तपशिलाचं पान उघडा. तिथे अडॅप्टरचा मॉडेल क्रमांक असतो, आणि तोच शोधाचा खरा धागा. झूमच्या एच१, एच२एन, एच५, एच६ यांना एडी-१७ लागतो, म्हणजे यूएसबीतून ५ व्होल्ट. झूमच्याच एफ८ला एडी-१९ लागतो, तो १२ व्होल्टचा. टॅस्कॅमच्या डीआर-०५ आणि डीआर-४० यांना पीएस-पी५१५यू, तोही यूएसबीचा ५ व्होल्टवाला. हा क्रमांक हाती आला की मूळ अडॅप्टर बाजारात नसला तरी त्याचे आकडे मिळतात, आणि त्या आकड्यांचा दुसरा घेता येतो. शोधताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा. वरचं उदाहरण त्यासाठीच दिलं.

एक चुकीचा तर्क इथेच खोडलेला बरा. 'दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, तेव्हा अडॅप्टरही ३ व्होल्टचा' हे गणित बरोबर वाटतं, पण चालत नाही. अडॅप्टरच्या सॉकेटमागे वेगळं सर्किट असतं. ते आलेलं व्होल्टेज उतरवून पुढे पाठवतं. एच४ आणि एच४एन दोन्ही दोन सेलवर चालतात, तरी एकाला ९ व्होल्ट लागतात आणि दुसऱ्याला ५. काही जुन्या यंत्रांना खरोखर ३ व्होल्टचाच अडॅप्टर लागतो, पण ते सेल मोजून ठरवायचं नसतं.

अडॅप्टरचं लेबल कसं वाचायचं

लेबलावर दोन ओळी महत्त्वाच्या. 'इनपुट'ची ओळ भिंतीतल्या विजेची. तिथे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असलं की तो अडॅप्टर कुठल्याही देशात चालतो. तिथे फक्त १२० किंवा फक्त २३० असा एकच आकडा असेल तर तो त्याच विजेसाठी आहे.

आपलं काम 'आउटपुट'च्या ओळीशी. आकड्याच्या पुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी. काही जुन्या मिक्सरचे आणि इफेक्ट यंत्रांचे अडॅप्टर '९ व्होल्ट एसी' देतात, आणि पिन अगदी डीसीसारखीच असते. असा अडॅप्टर डीसी मागणाऱ्या रेकॉर्डरला कधीही लावू नका.

मग पोलॅरिटीची खूण. मध्ये एक ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हीकडून निघालेल्या रेघांच्या टोकांना प्लस आणि मायनस. ठिपका म्हणजे प्लगच्या आतलं भोक, वर्तुळ म्हणजे बाहेरची धातूची नळी. ठिपक्याची रेघ प्लसकडे गेली तर 'मधली प्लस', मायनसकडे गेली तर 'मधली मायनस'. आज बाजारातले बहुतेक सर्वसाधारण अडॅप्टर मधली प्लस असतात. याला ठळक अपवाद म्हणजे गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर. तिथे मधली मायनस हीच रीत आहे. संगीतवाल्यांच्या घरी रेकॉर्डर आणि पेडल एकाच पिशवीत राहतात, आणि गडबड होते ती बहुतेक वेळा तिथेच.

पोलॅरिटी उलटी झाली तर नेमकं काय होतं, हे आत कसलं संरक्षण आहे त्यावर ठरतं. वाटेत सरळ जोडलेला डायोड असेल तर यंत्र नुसतं सुरू होत नाही, नुकसान काही नाही. डायोड आडवा जोडलेला असेल तर तो करंट स्वतःकडे ओढून घेतो आणि आतला फ्यूज उडतो. फ्यूज बोर्डावर डाळीच्या दाण्यापेक्षा लहान असतो, तो बदलायला चांगल्या हाताचा कारागीर लागतो. संरक्षणच नसेल तर आतला रेग्युलेटर किंवा कपॅसिटर जातो, कधी त्यापुढचंही. आपल्या यंत्रात यातलं काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून प्रयोग करून बघायचा नाही.

व्होल्टेज तेच, करंट तेवढा किंवा जास्त

हा नियम पाठ केला तरी लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा उलगडून सांगायला हवा. व्होल्टेज अडॅप्टर ठरवतो. करंट रेकॉर्डर ठरवतो. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला की रेकॉर्डरला ५ व्होल्ट मिळणारच, त्याची इच्छा असो वा नसो. पण अडॅप्टरवर ३ अँपिअर लिहिलंय म्हणून रेकॉर्डरमध्ये ३ अँपिअर घुसत नाहीत. रेकॉर्डरला ०.३ लागले तर तो ०.३ घेतो. लेबलावरचा अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टरची ऐपत. म्हणून १ अँपिअरच्या जागी २ किंवा ३ अँपिअरचा अडॅप्टर बिनधास्त चालतो. ५ व्होल्टच्या जागी ६ किंवा ९ व्होल्टचा मात्र नाही.

कमी ऐपतीचा अडॅप्टर लावला तर फसवी लक्षणं दिसतात. यंत्र सुरू होतं, पडदा उजळतो, सगळं ठीक वाटतं, आणि रेकॉर्डचं बटण दाबताच किंवा फँटम पॉवर (माइकला त्याच्याच वायरीतून दिली जाणारी वीज) चालू करताच बंद पडतं. कारण समजून घ्या. दोन पेन्सिल सेलवर सहा तास चालणारा रेकॉर्डर साधारण पाऊण ते एक वॉट खातो, म्हणजे ५ व्होल्टवर ०.२ अँपिअरच्या आसपास. ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर मात्र एकेक माइक १० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. ४८ गुणिले ०.०१ म्हणजे ०.४८ वॉट. दोन माइक झाले की जवळपास १ वॉट, आणि ५ व्होल्टचे ४८ करताना वाया जाणारी वीज धरली तर अंदाजे १.३ वॉट. म्हणजे खप एकदम दुपटीच्या पुढे जातो. त्यात कार्डावर लिहिणं, पडद्याचा उजेड आणि सुरू होतानाचा क्षणभराचा झटका. कंपनी १ अँपिअर सांगते ती उगाच नाही, या सगळ्याला जागा ठेवून सांगते. फँटमवर चालणारा कंडेन्सर माइक वापरत असाल तर कंपनीच्या आकड्याच्या खाली उतरू नका.

जुने जड अडॅप्टर

हातात घेतल्यावर दगडासारखा जड लागणारा चौकोनी अडॅप्टर म्हणजे आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. यातल्या बऱ्याच अडॅप्टरना रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवायची सोय, नसतं. लेबलावरचं ९ व्होल्ट हे पूर्ण करंट ओढला जात असतानाचं असतं. मोकळा असताना तोच अडॅप्टर १२-१३ व्होल्ट, कधी त्याहून जास्त दाखवतो. रेकॉर्डर त्याच्या ऐपतीच्या चौथाईच करंट ओढत असेल तर त्याला ९च्या बऱ्याच वर व्होल्टेज मिळत राहतं. अशा अडॅप्टरसाठीच बनवलेलं यंत्र हे सहन करतं. ५ व्होल्टचं आधुनिक यंत्र करेलच असं नाही.

हलका असतो तो स्विचिंग अडॅप्टर. त्याचं व्होल्टेज मोकळा असो वा जोडलेला, लेबलाच्या आसपासच राहतं. साध्या व्होल्टेजच्या हिशेबात हाच बरा. आवाजाच्या हिशेबात त्याची वेगळी खोड आहे, ती पुढे येईल.

पिनचं माप

प्लगचं माप दोन आकड्यांत सांगतात: बाहेरच्या नळीचा व्यास आणि आतल्या भोकाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सगळ्यात जास्त दिसतो ५.५ बाय २.१. त्याचा जुळा भाऊ ५.५ बाय २.५. बाहेरून दोघांत काहीच फरक दिसत नाही. २.१चा प्लग सॉकेटमधल्या २.५च्या पिनवर जात नाही, अडतो. उलट २.५चा प्लग २.१च्या पिनवर सहज जातो, पण सैल बसतो, आणि वायरला धक्का लागला की रेकॉर्डर बंद. ऐन रेकॉर्डिंगमध्ये हे झालं की दोष यंत्राला दिला जातो. ओळखायला २.३ मिमीचं ड्रिल बिट उलट्या, गुळगुळीत बाजूने भोकात घालून पाहा. गेलं तर २.५, नाही गेलं तर २.१. व्हर्नियर कॅलिपर असेल तर बाहेरचा व्यास मोजायला उत्तमच.

लहान यंत्रांत ३.५ बाय १.३५ हेही माप दिसतं. आणि जपानी यंत्रांत ज्यांचं टोक बहुधा पिवळं असतं असे प्लग, ईआयएजे या जपानी मानकाचे. त्यांची कल्पना फार शहाणपणाची होती: माप बदललं की व्होल्टेजचा पट्टा बदलतो. २.३५ बाय ०.७ हे ३.१५ व्होल्टपर्यंत, ४.० बाय १.७ हे ३.१५ ते ६.३ व्होल्ट, ४.७५ बाय १.७ हे ६.३ ते १०.५ व्होल्ट. पोलॅरिटी सगळीकडे मधली प्लस. सगळ्यांनी हे पाळलं असतं तर या लेखाची निम्मी गरज उरली नसती. पण ४.० बाय १.७ची पिन लावलेले १२ व्होल्टचे अडॅप्टरही विकले जातात, तेव्हा पिनच्या मापावरून व्होल्टेजचा अंदाज बांधा, निर्णय घेऊ नका.

प्लगची लांबीही बघा. रेकॉर्डरचं सॉकेट खोल असेल किंवा कव्हर जाड असेल तर आखूड प्लग पूर्ण आत जात नाही. शेवटपर्यंत गेल्यावर टक्‌ असं किंवा घट्ट थांबल्याचं जाणवायला हवं.

मल्टिमीटर हाती घ्या

लेबलावर विश्वास ठेवायचा, पण मोजून. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

१. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या घरात ठेवा. अडॅप्टर रेकॉर्डरला न लावता भिंतीत लावा.

२. लाल टोक प्लगच्या भोकात, काळं टोक बाहेरच्या नळीला. भोक बारीक असेल तर टाचणी आत सरकवून तिला लाल टोक टेकवा. टाचणी नळीला चिकटू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होईल.

३. आकडा नुसता आला तर मधली प्लस. आधी उणे चिन्ह आलं तर मधली मायनस.

४. आकडा लेबलाशी ताडून बघा. स्विचिंग अडॅप्टरला ५ टक्के इकडे-तिकडे चालतं: ५ व्होल्टसाठी ४.७५ ते ५.२५. त्याहून बराच जास्त आला तर तो रेग्युलेशन नसलेला आहे किंवा बिघडलेला. दोन्ही बाबतीत बाजूला ठेवा.

५. आकडा शून्याच्या आसपास दिसला तर मल्टिमीटर एसी व्होल्टच्या घरात नेऊन पुन्हा मोजा. तिथे ९ किंवा १२ दिसले तर अडॅप्टर एसीचा आहे.

मोकळं मोजून अर्धंच चित्र कळतं. मरायला टेकलेला अडॅप्टरही मोकळा असताना ऐटीत ५ व्होल्ट दाखवतो. म्हणून थोडा भार टाकून मोजा. ५ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी १० ओहम, ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर दोन टोकांमध्ये जोडला की ०.५ अँपिअर वाहतो. ९ व्होल्टच्या ३०० मिलिअँपिअरवाल्यासाठी ३३ ओहम, ५ वॉटचा, म्हणजे साधारण ०.२७ अँपिअर. दोन्हींत रेझिस्टर अडीच वॉट उष्णता सोडतो, चांगलाच तापतो, तेव्हा लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका आणि बोट लावू नका. मिनिटभर ठेवून व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर ४.७५च्या खाली घसरला तर लेबलावर काहीही लिहिलेलं असो, तो त्या कामाचा नाही.

रेकॉर्डरवर पोलॅरिटीची खूणच नसेल आणि पुस्तिकाही मिळत नसेल, तर सेल आणि सगळ्या वायरी काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप देणाऱ्या घरात ठेवा. एक टोक यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कवचाला लावा. ते कवच बहुतेक यंत्रांत ग्राउंड असतं. दुसरं टोक आधी पॉवर सॉकेटच्या मधल्या पिनला, मग बाहेरच्या पात्याला. पात्याला बीप आला तर बाहेरची मायनस, म्हणजे मधली प्लस. पिनला बीप आला तर मधली मायनस. सेलच्या मायनस स्प्रिंगवरून हे ठरवू नका. प्लग घातल्यावर सेल तोडणारा स्विच बऱ्याच सॉकेटमध्ये असतो आणि तो दिशाभूल करतो. दोन्हीकडे बीप आला किंवा कुठेच नाही आला तर इथेच थांबा. आणि यातून पोलॅरिटी कळते, व्होल्टेज नाही. ते छापील माहितीवरूनच घ्यायचं.

यूएसबीवाले रेकॉर्डर

इथे व्होल्टेज आणि पोलॅरिटीची कटकट नाही, पण सुख पूर्ण नाही. नवे रेकॉर्डर यूएसबी-सी घेतात, त्याआधीचे मायक्रो, त्याही आधीचे मिनी. मिनी आणि मायक्रो नावात जवळचे असले तरी एकमेकांत जात नाहीत. दाबून बसवायचा प्रयत्न केला तर सॉकेट बोर्डावरून उखडतं.

सर्वात जास्त त्रास वायर देते. २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटरची वायर म्हणजे जाण्या-येण्याची मिळून चार मीटर तार, जवळपास ०.८५ ओहम. ०.५ अँपिअर वाहिला तर ०.४ व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात आणि रेकॉर्डरला ४.६ही मिळत नाहीत. २४ गेजच्या वायरीत (गेजचा आकडा कमी म्हणजे तार जाड) तेवढ्याच लांबीवर ०.१७ व्होल्टच पडतात. लांब वायर हवीच असेल तर जाड घ्या, नाहीतर चार्जर रेकॉर्डरजवळ आणा आणि लांबी भिंतीकडच्या एक्स्टेन्शनमध्ये घ्या.

कॉम्प्युटरला जोडल्यावर बरेच रेकॉर्डर विचारतात की कार्ड रीडर व्हायचं की ऑडिओ इंटरफेस. भिंतीतल्या चार्जरला हा प्रश्न येत नाही, कारण पलीकडे बोलणारं कोणी नसतं. कॉम्प्युटरवरूनच नुसती वीज घ्यायची असेल आणि हा प्रश्न आडवा येत असेल, तर डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची वायर वापरा. मात्र यूएसबी २.०च्या पोर्टची हद्द ०.५ अँपिअर आणि ३.०ची ०.९ अँपिअर, हे फँटम चालू करण्याआधी आठवा.

यूएसबी-सीमध्ये एक नमुनेदार अडचण आहे: दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली तर रेकॉर्डर सुरूच होत नाही, आणि जुन्या चपट्या ए टोकाची वायर लावली की झकास चालतो. सी पोर्टचा चार्जर समोरच्या यंत्रातले ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही. काही यंत्रांत खर्च वाचवायला ते घातलेलेच नसतात. चार्जर चांगला, रेकॉर्डरही चांगला, फक्त ए-टू-सी वायर घ्या. ६५ किंवा १०० वॉटच्या सी चार्जरची भीती मात्र बाळगू नका. यंत्राने मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला गोल पिन अशा वायरी मिळतात. एच४एनसारख्या ५ व्होल्टच्या, गोल पिनच्या रेकॉर्डरला त्या फार उपयोगी, कारण मग कुठलाही चांगला मोबाइल चार्जर कामाला येतो. पण तशाच दिसणाऱ्या काही वायरींच्या पोटात ५चे ९ किंवा १२ व्होल्ट करणारं सर्किट असतं. वायर नवी असो की जुनी, मोजल्याशिवाय लावू नका. एच४सारख्या ९ व्होल्टवाल्याला ५चे ९ व्होल्ट करणारी ही बूस्टची वायर चालेल, पण तिची पिन सहसा मधली प्लस असते. तिच्यापुढे पोलॅरिटी उलटवणारा छोटा तुकडा लागतो, तो पेडलच्या सामानात मिळतो. त्या तुकड्यावर ठळक रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे उद्या तो भलत्याच यंत्राला लागणार नाही.

पॉवर बँकेचा हिशेब असा करा: १०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-तास. बदलातली घट जाऊन ३० हाती लागतात. दीड वॉट खाणारा रेकॉर्डर त्यावर वीस तास चालेल. अडचण वेगळीच येते. करंट फार कमी दिसला की 'कोणी जोडलेलं नाही' असं समजून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. घड्याळ किंवा इअरफोन चार्ज करण्यासाठी कमी करंटची सोय असलेली पॉवर बँक घ्या, आणि कामावर नेण्याआधी घरी तासभर चालवून बघा.

आवाजात शिरलेली गुणगुण

व्होल्टेज बरोबर, पोलॅरिटी बरोबर, सगळं चालतंय, आणि तरी रेकॉर्डिंगमागे एक गुणगुण किंवा बारीक शिट्टी. ही स्विचिंग अडॅप्टरची खोड. चौकोनात चौकोन ही खूण असलेल्या, अर्थिंग नसलेल्या अडॅप्टरमध्ये भिंतीकडच्या आणि यंत्राकडच्या बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किरकोळ करंट झिरपत राहतो. अंगाला कधी मुंग्या आल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. नुसत्या रेकॉर्डरला सहसा त्रास नसतो. पण रेकॉर्डर मिक्सरला जोडला आणि मिक्सरला अर्थिंग असलं, की झिरपलेला करंट ऑडिओ वायरीच्या जाळीतून अर्थकडे जातो आणि वाटेत आवाजात मिसळतो.

तपासणी सोपी आहे. माइक, गेन, वायर, जागा काहीही न हलवता एक मिनिट सेलवर रेकॉर्ड करा, एक मिनिट अडॅप्टरवर. दोन्ही फायली हेडफोनवर, आवाज वाढवून ऐका. फरक नसेल तर अडॅप्टर निर्दोष आहे, गुणगुण दुसरीकडून येतेय. फरक असेल तर क्रमाने हे करा: अडॅप्टर मिक्सरच्याच एक्स्टेन्शनमध्ये लावा, पॉवरची वायर ऑडिओ वायरीपासून लांब ठेवा, मिक्सरकडून येणाऱ्या लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता फक्त आवाज पुढे पाठवणारा) घाला. शिट्टी किंवा चिरचिर असेल तर वायरीवर रेकॉर्डरजवळ फेराइटची क्लिप बसवून पाहा, कधी फरक पडतो. यातलं काहीच जमलं नाही तर पॉवर बँक. भिंतीशी संबंधच नाही, त्यामुळे ही वाट बहुधा एका झटक्यात प्रश्न सोडवते. गुणगुण जावी म्हणून मिक्सरची अर्थची पिन मोडणं किंवा टेप लावून झाकणं मात्र कधीही नाही. त्यात जिवाला धोका आहे.

पहिल्यांदा जोडताना

कार्ड आणि सेल काढा. रेकॉर्डर बंद असताना आधी प्लग रेकॉर्डरला, मग अडॅप्टर भिंतीला. अर्धा मिनिट थांबून सॉकेटजवळ हात लावून पाहा. गरम लागलं किंवा वास आला तर लगेच भिंतीतून काढा. सगळं थंड असेल तर चालू करा, मग कार्ड घाला, फँटम चालू करा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. अडॅप्टर कोमट होणं ठीक आहे, हात धरवत नाही इतका तापला तर तो कमी ऐपतीचा आहे.

त्यानंतर सेल परत घालून एक चाचणी जरूर करा: रेकॉर्डिंग चालू ठेवून अडॅप्टर भिंतीतून उपटा. काही रेकॉर्डर न अडखळता सेलवर जातात. काहींच्या सॉकेटमधला स्विच प्लग आत असेपर्यंत सेल तोडूनच ठेवतो, आणि वीज गेली की यंत्र जागीच मरतं. तसं झालं तर चालू फाइलचा मथळा (हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची तिच्याबद्दलची नोंद) लिहायचा राहतो आणि ती शून्य आकाराची दिसते किंवा उघडत नाही. आपला रेकॉर्डर कुठल्या जातीचा, हे कामाच्या ठिकाणी कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं. दुसऱ्या जातीचा निघाला तर लांब कार्यक्रमात अडॅप्टरऐवजी पॉवर बँक वापरा, आणि ठरावीक वेळाने नवी फाइल सुरू करण्याची सोय असेल तर ती लावा.

व्होल्टेज बदलणारे 'युनिव्हर्सल' अडॅप्टर अडीनडीला ठीक. पण त्यांची सरकती कळ पिशवीत आपोआप हलते, आणि उलटसुलट लागणारी टोकं पोलॅरिटी बदलतात. वापरायचाच असेल तर एकदा मोजून कळ आणि टोक दोन्ही टेपने पक्की करा.

पॉवरचं सॉकेटच नसेल, किंवा तुटलं असेल

अशा यंत्रांसाठी खोटे सेल मिळतात: पेन्सिल सेलच्या आकाराचा ठोकळा, त्यातून निघालेल्या दोन तारा. दोन सेलच्या रेकॉर्डरमध्ये एक ठोकळा वीज आणतो आणि दुसरा नुसता दुवा जोडतो. इथे मात्र ३ व्होल्टच लागतात, कारण वीज थेट सेलच्या जागी जाते. तिथे तिला उतरवणारं ते वेगळं सर्किट नसतं, त्यामुळे रेग्युलेशन असलेला अडॅप्टरच हवा. जड जुना ३ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा असताना साडेचार-पाच व्होल्टवर जाऊ शकतो. ठोकळा बसवताना प्लस-मायनस सेलवरच्या खुणांप्रमाणे दोनदा पडताळा. तार बाहेर काढायला झाकणात खाच नसेल तर झाकण न लावताच वापरा, तार झाकणात चेपली तर आतून तुटते. आणि रेकॉर्डरमध्ये सेल चार्ज करण्याची सोय असेल तर ती मेनूत जाऊन आधी बंद करा.